वर्षाला एक व्हेरी

पुजारी मॅडमच्या शोकसभेत मला बसवेना. खुर्ची बरी होती, पंखा डोक्यावरच होता, तब्येतही ठीक होती. पण आमचे नवे प्राचार्य माइक धरून इंग्रजीत सुरू झाले आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी तीन व्हेरी घातले. शी वॉज व्हेरी व्हेरी सिन्सिअर अँड व्हेरी डेडिकेटेड. त्यांचं ऐकून उपप्राचार्यांना चेव आला, त्यांनी मॅडमना व्हेरी ग्रेट करून टाकलं. मी पदर सारखा कर, घड्याळ बघ, चप्पल काढ, पुन्हा घाल, असं चालवलं होतं. शेजारी ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? या माणसाला कुणीतरी खाली बसवा." त्या घाबरून फोटोकडं बघायला लागल्या.

आणि फोटोतसुद्धा मॅडम बसलेल्या. आता हा फोटो कुणी शोधून काढला देव जाणे. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, पण त्यांना खुर्चीत पाच मिनिटं सलग बसलेलं मी पाहिलेलं नाही. पेपर तपासायचे ते खिडकीपाशी उभं राहून. चहा प्यायचा तो फेऱ्या मारत, आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा कप कुठल्या तरी कपाटावर गार होऊन सापडायचा. डबा म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. भाकरीचा तुकडा हातात घेऊन दारापर्यंत जायच्या, परत यायच्या, चटणीला लावायच्या, परत दाराकडं. बघणाऱ्याला घेरी यावी. मी एकदा म्हटलं, "अहो, बसा की घटकाभर. अन्न अंगाला तरी लागू दे." तर म्हणाल्या, "बसले की वाटतं काहीतरी राहिलंय."

काय राहिलंय ते मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही.

त्या आम्हाला नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. मी मराठी. भूगोलाचे सर भूगोल. "ओ मराठी, तुमचा तास आहे ना, बेल झाली." त्यांचं घर अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घरात कन्नड, देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात. बाईंनी शिकून सोलापुरात इंग्रजीची नोकरी धरली, पण राग आला, कंटाळा आला, की तोंडातून एकच कन्नड शब्द बाहेर पडायचा, 'साकु'. म्हणजे पुरे. कुणी लांबण लावली, साकु. कुणी स्वतःची तारीफ सुरू केली, साकु. एकदा एका पाहुण्या वक्त्याच्या भाषणात मागच्या रांगेतून स्पष्ट 'साकु' ऐकू आलं आणि तो बिचारा समजला की बाई कन्नडमधून दाद देताहेत. त्यानं हात जोडले आणि आणखी अर्धा तास बोलला.

पण मॅडम सगळ्या कॉलेजात माहीत होत्या त्या व्हेरीमुळं.

झालं असं असेल, की पोरांचे निबंध तपासून तपासून त्यांचं डोकं उठलं असेल. आमच्याकडची पोरं इंग्रजी लिहायला बसली की हाताशी शब्द थोडे, मग जे वाक्य अपुरं वाटेल त्यात व्हेरी टाकायचा. आमटी पातळ झाली की डाळीचं पीठ लावतात ना, तसं. माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल. माय टीचर इज व्हेरी काइंड. मॅडमनी त्यावर नियम काढला. जूनमध्ये वर्ग सुरू झाला की पहिल्या तासालाच सांगायच्या, "या वर्गाला वर्षभरात एकच व्हेरी मिळेल. सगळ्यांत मिळून एक. कुणी कुठं वापरायचा ते तुम्ही ठरवा. पण वापरण्याआधी वाक्य उभं राहून वाचायचं आणि वर्गानं हो म्हणायचं. एकदा गेला की गेला."

पोरांना आधी चेष्टा वाटायची. मग कधीतरी ऑगस्टच्या सुमाराला वर्गात भांडणं लागायची. एका वर्गानं तो पहिल्याच आठवड्यात सोलापूरच्या उन्हावर खर्च केला. मॅडम म्हणाल्या, "हरकत घेता येत नाही," आणि मान्य केला. एका वर्षी मात्र एक मुलगा उठला. आई घरी विड्या वळायची, वडील नव्हते. त्यानं वाचलं, माय मदर इज व्हेरी टायर्ड. मी शेजारच्याच वर्गात शिकवत होते, मधली भिंत म्हणजे नुसतं फळ्यांचं पार्टिशन. मग सगळ्या वर्गानं हो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "दिला." तास संपल्यावर त्या स्टाफरूममध्ये आल्या आणि नेहमीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या.

जुन्या प्राचार्यांशी त्यांची एकदा चांगलीच जुंपली होती. तपासणीला समिती येणार होती. अहवालाचं इंग्रजी नीट करायला मॅडमकडं आलं. त्यात होतं, वुई हॅव अ व्हेरी व्हेरी गुड लायब्ररी. मॅडम कागद घेऊन तडक प्राचार्यांच्या खोलीत. "सर, जरा माझ्याबरोबर ग्रंथालयात येता का?" सर आले. मॅडम म्हणाल्या, "गुड मला दिसतंय. पुस्तकं आहेत, बसायला जागा आहे. पहिला व्हेरी कुठाय?" सरही काही कमी नव्हते. त्यांनी नवी वाचनाची खोली दाखवली. मॅडमनी आत जाऊन बघितलं, बाकांवर हात फिरवला, म्हणाल्या, "बरं. आणि दुसरा?" सरांनी भिंतीकडच्या मोठ्या कपाटाकडं बोट केलं. त्याला कुलूप, आणि किल्ली कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही. अहवाल एकाच व्हेरीवर गेला. तोही मॅडमनी नाइलाजानं ठेवला.

माझं आणि त्यांचं यावरून कायम वाजायचं. मी मंगळवेढ्याची. आम्हाला लई म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. लई ऊन, लई भूक, लई ग्वाड पोर. मी म्हणायची, "मॅडम, तुमच्या नियमानं आमच्याकडं वागायचं ठरवलं तर आख्ख्या तालुक्याला मुकं व्हावं लागेल." त्या हसायच्या. एकदा मात्र फेरी थांबवून म्हणाल्या, "तुमच्या लईबद्दल माझी तक्रारच नाही, मराठी. लई म्हणताना माणूस हात पसरतो, डोळे मोठे करतो, आवाज लांबवतो. अख्खं अंग त्या शब्दामागं असतं. कागदावर हात कुठनं आणायचे? तिथं नुसती शाई." मी म्हटलं, "डबा खा आधी."

त्यांच्या या काटकसरीचा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. माझ्या लेकीच्या लग्नात पंगत उठली, जो तो तोंड भरून जेवणाचं कौतुक करत होता, आणि मॅडम म्हणाल्या, "जेवण चांगलं होतं." एवढंच. आमच्या आचाऱ्याचं तोंड पडलं. मलाही लागलं. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "या बाईच्या जिभेला कर बसतो की काय?" पुढं तीनेक वर्षांनी माझा नवरा गेला. घरी माणसांची रीघ. जो तो फार मोठं, कधीही न भरून येणारं असं काही काही बोलत होता आणि मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मॅडम आल्या, दारातच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "वाईट झालं." आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. मला पहिलं रडू तेव्हा फुटलं.

आता अर्चनाचं सांगते, कारण शोकसभेत ते कुणीच सांगितलं नाही, आणि माझी सगळी तगमग त्याचीच होती.

अर्चना वैरागची. वडलांचं तिथं अडतीचं दुकान, जवारी, तूर, उडीद. त्यांना सगळे आप्पा म्हणत. पोरगी सोलापुरात हॉस्टेलवर राहून बीए करत होती, इंग्रजी घेऊन. हुशार म्हणजे काय, मी मराठीची असून मला कळायचं. हैदराबादच्या एका विद्यापीठात एमएला अर्ज केला आणि तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढच्याच मंगळवारी. वडलांनी जाऊ दिलं तर जायचं, नाही तर घरी, आणि घरी म्हणजे स्थळांची पाहणी सुरूच होती.

मॅडमची एक पद्धत होती. शिफारसपत्र लिहिलं की ते पाकिटात बंद करून द्यायच्या नाहीत. त्या मुलाला समोर उभं करून वाचून दाखवायच्या आणि एक प्रत त्याच्या हातात द्यायच्या. "तुझ्याबद्दल लिहिलंय, तुला माहीत पाहिजे." अर्चनानं ती प्रत मोठ्या कौतुकानं घरी नेली. तिथंच घोळ झाला.

पत्रात काय होतं, तर अर्चना चांगली विद्यार्थिनी आहे. ती न वाचलेलं पुस्तक वाचलं असं सांगत नाही. तिला शिकवायचं असेल तर मला तयारी करून जावं लागतं. बस. आप्पांचा एक पुतण्या बार्शीला शाळेत मास्तर. त्यानं ते वाचून मराठीत सांगितलं. नेमकं त्याच आठवड्यात शेजारच्या पोराला त्याच्या कॉलेजातून पत्र मिळालं होतं, पुण्याच्या कुठल्याशा नोकरीसाठी, आणि त्यात व्हेरी व्हेरी ब्रिलियंट असं दोनदा होतं. आप्पांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि निकाल दिला.

अर्चना गुरुवारी कॉलेजात आली ती डोळे सुजवून. "आप्पा म्हणतात, नुसत्या चांगल्या पोरीला हैदराबादला कशाला धाडायचं? चांगल्या पोरी हितं बी हायत की. आणि म्हणतात, हिला शिकवायला मॅडमला जड जातंय, तसं लिहूनच दिलंय."

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. पेन्सिल हातातच राहिली. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरलेला बघितला.

त्या दिवशी स्टाफरूममधल्या झाडून सगळ्यांनी त्यांना एकच सांगितलं. नवं पत्र लिहा. दोन व्हेरी घाला, एक एक्सलंट घाला, पोरीचं कल्याण होईल. मीही सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. "तुमचा नियम मोठा की पोरीचं आयुष्य?" त्या म्हणाल्या, "थांबा, मला सुचू द्या," आणि व्हरांड्यात निघून गेल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच आत यायच्या, कागद ओढायच्या, दोन ओळी लिहायच्या, टरकावायच्या, परत बाहेर. शिपाई मला येऊन विचारून गेला, बाईंना काय झालंय. चार वाजता आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मराठी, मला लिहिता येत नाही."

"का? हात मोडलाय?"

"आजवर जेवढ्यांना मी चांगला म्हटलं, ते या एका शब्दावर नोकऱ्या करताहेत. ज्यांनी ज्यांनी माझी पत्रं वाचलीत त्यांना माहीत आहे की माझा चांगला म्हणजे चांगला. हिला व्हेरी दिला की ते सगळे एका फटक्यात कमी होतील. आणि पुढच्या वर्षी जी येईल तिला दोन द्यावे लागतील." एवढं बोलून त्यांनी खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. "पण ती गेली नाही तर ते माझ्यामुळं. हे पण मला कळतंय हो."

राग तर होताच, पण त्यांच्याकडं बघवेना.

मग त्यांनीच एकदम मान वर केली. "वैरागला गाडीनं किती वेळ लागतो?"

शनिवारी आम्ही बार्शीच्या एसटीत बसलो. मला कशाला नेलं, तर "तुम्हाला त्यांच्याशी बोलता येतं." बसमध्ये मॅडमना खिडकीजवळ जागा दिली तरी त्या अर्ध्या उठलेल्याच. काय बोलायचं ते ओठातल्या ओठात म्हणून बघत होत्या. वाटेत दोनदा मला विचारलं, "चिडतील का?"

आप्पा चिडले नाहीत. तेच अवघड झालं. माणूस चिडला तर भांडता तरी येतं. दुकानात पोती सरकवून आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, पानही पुढं केलं. अर्चना आतल्या दारात उभी. मी सुरुवात करून दिली. मग मॅडम बोलल्या. अगदी मन लावून बोलल्या. आपण कुणालाच व्हेरी देत नाही, आपला चांगला फार वरचा असतो, तयारी करावी लागते हे कौतुक आहे, तक्रार नव्हे. आपले वडील देवळात पुजारी होते, मंत्री आला तरी तेवढाच प्रसाद आणि हमाल आला तरी तेवढाच, आपण तिथं वाढलो. सगळं सांगितलं.

आप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमी एवढं उनातान्हाचं आला, तुमचा मान हाय. पन ह्ये तुमी आता सांगताय. लिवताना का न्हाय लिवलं?"

मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"न्हाय, मी वाईट बोलत न्हाय. पोरगी माझी हाय, मलाबी बरं वाटलं असतं. पन उद्या तितं शंभर कोसावर ही जानार, आन् तितली मानसं काय सोलापूरला यिऊन तुमास्नी इचारनार हायत व्हय, तुमचा चांगला केवढा म्हून? त्येंच्यापुढं कागदच की."

मला वाटलं, आता मॅडम काहीतरी बोलतील. त्यांनी चहाचा कप उचलला, अर्धा प्यायला आणि ठेवला. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." झालं. तिथं विषय संपला. आप्पांनी रीतीनं आम्हाला स्टँडपर्यंत पोचवायला म्हणून पायात चप्पल घातली, अर्चनाही मागं मागं आली. मला इतका संताप आला होता की कुणावर काढावा कळत नव्हतं. मॅडमवर, आप्पांवर, त्या बार्शीच्या मास्तरवर.

सोलापूरची गाडी लागलेली होती. मी मॅडमची पिशवी पण घेऊन वर चढले, जागा धरली, कंडक्टरकडून दोघींची तिकिटं काढली. खिडकीतून बघितलं तर मॅडमचा एक पाय पायरीवर आणि अर्चना त्यांना काहीतरी विचारत होती. मी कान दिला.

"मॅडम, रागावू नका. खरं सांगा. मी नक्की किती चांगली आहे?"

कंडक्टर म्हणाला, "बाई, चढा की." मॅडमनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्या विचार करत होत्या. खरोखरच करत होत्या, पोरीच्या तोंडाकडं बघून, आतमध्ये काहीतरी जोखून बघावं तसं. मग म्हणाल्या,

"माझ्यापेक्षा चांगली."

आवाजात काही नाही. उद्या दुसरा तास नाही असं सांगावं त्या आवाजात. "आत्ताच आहेस. गेल्या दिवाळीपासून. मी आणखी शिकवलं तरी त्यात आता भर पडायची नाही."

निवृत्तीला वर्ष राहिलेली बाई, आयुष्यभर हेच एक काम केलेली, आणि भर स्टँडवर हे बोलून मोकळी झाली. अर्चनानं ओढणीचा बोळा तोंडाशी धरला.

आप्पा दोन पावलं पुढं आले. "म्हंजी? तुमच्या म्होरं गेली ही?"

"हो."

"आन् ह्ये तुमी सोता म्हंताय."

"मीच म्हणतेय. तिला मी शिकवलंय, मला माहीत असणार."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. बराच वेळ पोरीकडं बघत राहिले. जणू ही कोण घरात वाढली आपल्या, असं. मग म्हणाले, "मग हिला आता शिकवायचं कुनी?"

"सोलापुरात तसं कुणी नाही," मॅडम म्हणाल्या. "असतं तर मी हैदराबादचं नाव काढलं नसतं."

"मंगळवारी म्हनं ते."

"मंगळवारी सकाळी. सोमवारी निघावं लागेल."

"गाडी कुटनं? सोलापुरातनं का कुर्डुवाडीस्नं? आन् ऱ्हायाचं कुटं हिनं? मी संगट यिऊ का हिला एकटीला धाडू?"

मॅडमनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी खिडकीतून ओरडले, "अहो मॅडम, गाडी!" त्यांनी माझ्याकडं न बघता हात हलवला, जा तुम्ही, असं. मागच्या काचेतून मला दिसत राहिल्या, स्टँडच्या आवारात उन्हात उभ्या, दोन्ही हात लांब पसरून हवेत हैदराबादचा रस्ता दाखवताहेत, आप्पा मान खाली घालून एकेक गोष्ट ध्यानात ठेवताहेत, आणि अर्चना डोळे पुसत पुसत त्यांच्या हाताकडं बघतेय.

कंडक्टर तिकिटं बघत माझ्यापाशी आला. माझ्या शेजारची रिकामी जागा आणि मांडीवरच्या दोन पिशव्या बघून म्हणाला, "तुमच्या संगटच्या बाई का ऱ्हायल्या मागं?"

मी म्हटलं, "त्यांना हितं काम निघालं."